पोलिसांविरुद्धचा अर्ज फिरून त्याच पोलीस ठाण्यात येतो, मग दाद मागायची कुठे?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. जरा मोठं होईल.

माझ्या मामेभावाचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. चोरीचा मोबाईल विकत घेतला असा कुणीतरी संशय घेतला म्हणून संध्याकाळी चौकीतून फोन आला, "जरा येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे." हा गेला. फोन काढून घेतला आणि रात्रभर बाकावर बसवून ठेवला. लेखी नोटीस नाही, अटक दाखवलेली नाही, मामा बाहेर उभा होता त्याला आत सोडलं नाही. पहाटे एकजण येऊन म्हणाला, मिटवायचं असेल तर बघ, नाहीतर नाव घालतो. मिटवायला याने नकार दिला तेव्हा कानाखाली दोन ठेवून दिल्या आणि सकाळी सोडला. पुढे त्यांच्याच तपासात निघालं की तो मोबाईल दुसऱ्याच दुकानात विकला गेला होता.

आम्ही आयुक्तालयात रीतसर लेखी अर्ज दिला, प्रतीवर आवक शिक्का घेतला. काही दिवसांनी पत्र आलं, "आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे." आणि मग फोन कुणाचा, तर ज्या पीएसआयच्या विरोधात अर्ज आहे त्याच्याच हाताखालच्या हवालदाराचा. "जबाब द्यायला या, आणि येताना अर्ज मागे घेतोय असं लिहूनच आणा, साहेब मनाचे चांगले आहेत."

माझा प्रश्न एवढाच आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच टेबलावर चौकशीचा कागद जात असेल तर त्याला चौकशी का म्हणायचं? पोलिसांविषयी माझ्या मनात आकस नाही, विसर्जन मिरवणुकीत सलग दिवस-रात्र रस्त्यावर उभी असलेली माणसं मी दरवर्षी बघतो आणि मला त्यांचं कौतुकच आहे. पण वर्दीतल्या माणसाने अन्याय केला तर तो ऐकायला वर्दीबाहेरचं कुणीतरी हवं की नको? "राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण" असं काहीतरी आहे असं ऐकलं. कुणाला अनुभव आहे का?

काळाकोट

मुठाकाठ, आहे. कायद्याने आहे, आणि दुर्दैव असं की अर्ध्याअधिक वकिलांनाही ते आठवत नाही. मी सातारला प्रॅक्टिस करते, थोडं सविस्तर लिहिते.

प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक, सीमा सुरक्षा दलाचेही प्रमुख होते. त्यांनी १९९६ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला. त्यात पोलीस सुधारणेचे सात आदेश होते. बदल्यांचं मंडळ, महासंचालकांना किमान दोन वर्षं, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करणं वगैरे, आणि सहावा आदेश तुमच्या प्रश्नाचा, की जिल्हा आणि राज्य पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा. राज्याच्या प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती, जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश. अध्यक्ष मुख्य न्यायमूर्तींनी (जिल्ह्यासाठी त्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या न्यायमूर्तींनी) सुचवलेल्या नावांतून निवडायचा, प्राधिकरणाला स्वतःचा स्टाफ द्यायचा, लागलं तर सीआयडी, दक्षता अशा खात्यांतले निवृत्त तपासी अधिकारी घ्यायचे. आणि कोर्टाने स्पष्ट लिहिलं की प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधितांवर बंधनकारक राहतील. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काय झालं ते सांगते.

महाराष्ट्रात २००८ ला शासन निर्णय निघाला, मग २०१४ ला मुंबई पोलीस कायदा १९५१ मध्ये दुरुस्ती झाली (त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) आणि कलम २२-पी पासून पुढे हे प्राधिकरण आलं. राज्याचं ऑफिस मुंबईत कुपरेजला आहे, आणि जिल्ह्याऐवजी आपल्याकडे महसूल विभागवार प्राधिकरणं ठेवलीत. म्हणजे जिल्हा पातळी म्हणून जे सांगितलं होतं ते तिथेच लांब गेलं.

कलम २२-क्यू मध्ये कोणत्या तक्रारी घेतात ते दिलंय. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, विहित पद्धत न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, घर-जमीन बळकावणं, आणि शेवटी कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर. तुमच्या भावाचं प्रकरण "पद्धत न पाळता स्थानबद्धता" मध्ये सरळ बसतं, पैशाची मागणी झाली तो भाग वेगळा मुद्दा म्हणून घाला. तक्रार त्याने स्वतः करावी असंही नाही, घरचे करू शकतात, दुसरं कुणीही करू शकतं, प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत.

वैदर्भीय वाघ

सगळं खरं आहे काळाकोट, पण त्या प्राधिकरणानं करून करून काय केलं ते सांगा न. अहवाल देते, सरकारला पाठवते, सरकार बघते म्हणते. माझ्या काकाचं जमिनीचं प्रकरण होतं, पोलीस उभे राहून कुंपण घालू दिलं, आम्ही अर्ज केला, दोन्ही बाजू ऐकल्या, नंतर कागद कुठं गेला कोणाले माहीत नाही. शिफारस म्हणजे सल्ला झाला. सल्ल्याले कोण घाबरते?

काळाकोट

वाघ, तुमची चीड अगदी रास्त आहे आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. कोर्टाने बंधनकारक म्हटलं होतं. आपल्या कायद्यात मात्र अहवाल राज्य सरकारकडे जातो, सरकारने तो मान्य करायचा किंवा अपवादात्मक परिस्थितीत कारणं लिहून नाकारायचा. मान्य केला तर तो प्राथमिक चौकशीचा अहवाल धरून खातेनिहाय चौकशी सुरू होते, आणि त्यात दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो पोलीस ठाण्याकडे एफआयआर म्हणून नोंदवायला जातो. वाचायला बरं वाटतं, पण सरकारने वेळेत ठरवलंच नाही तर? आणि अध्यक्ष-सदस्य नेमणार सरकार, सदस्य-सचिव म्हणून पोलीस खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी. ज्या खात्याची चौकशी त्या खात्याचा सेवेतला माणूस आत असणं मला अजिबात पटत नाही.

तरीही अर्ज कराच. सांगते का. प्राधिकरणासमोर पीआयला, पीएसआयला शपथेवर उत्तर द्यावं लागतं, स्टेशन डायरी दाखवावी लागते. ते रेकॉर्ड तयार होतं. उद्या हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करायची वेळ आली तर हेच कागद हातात असतात. कोठडीतल्या मृत्यूसाठी रिटमध्येच भरपाई देता येते हे सुप्रीम कोर्टाने नीलबती बेहरा प्रकरणात १९९३ लाच ठरवून दिलंय. नुसतं "आम्हाला मारलं" म्हणून गेलो आणि निवृत्त न्यायमूर्तींचा निष्कर्ष घेऊन गेलो, यात फार फरक पडतो.

निवृत्त अंमलदार

मी सदतीस वर्षं खात्यात काढली, ठाणे अंमलदार म्हणून शेवटची काही वर्षं होतो, एएसआय म्हणून बाहेर पडलो. मला दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

अर्ज खाली का येतो ते सांगतो. आयुक्तालयात किंवा एसपी ऑफिसला रोज ढिगाने अर्ज येतात. अर्ज शाखेतला कारकून त्यावर विषय बघतो, हद्द बघतो आणि त्या झोनला पाठवतो. झोनवरून एसीपीकडे, एसीपीकडून पोलीस ठाण्याला, "चौकशी करून अहवाल सादर करा". कुणी मुद्दाम करतं असं दरवेळी नसतं, ती कागदाची ठरलेली वाट आहे. पण खाली आला की तो अहवाल कोण लिहितो? ज्याला त्या पीआयसोबत उद्या बंदोबस्त करायचाय, क्राईम मीटिंगला शेजारी बसायचंय तो. मग भाषा ठरलेली, "अर्जदार यांचे तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा." मी स्वतः असे अहवाल टाईप होताना बघितलेत.

आता दुसरी बाजू. चौकशी खरोखर झाली तरी शिक्षा कुणाला होते ते बघा. तोंडी हुकूम वरच्याचा असतो, "त्याला आणून बसवा." बसवणारा हवालदार. तक्रार झाली की कसुरी अहवाल हवालदाराचा, वेतनवाढ हवालदाराची बंद, हुकूम देणाऱ्याची फार तर बदली. माझ्या हाताखालचा एक चांगला पोरगा असाच बळी गेला, डायरीला नोंद घे म्हणून त्याने सांगितलं होतं, त्याला गप्प बसवलं आणि नंतर नोंद का नाही म्हणून त्यालाच नोटीस. म्हणून मी म्हणतो की बाहेरचं प्राधिकरण आम्हा खालच्या लोकांनाही हवं आहे. तिथे न्यायाधीश विचारतील की आदेश कुणाचा होता.

आणि खोट्या तक्रारीही होतात, नाही म्हणू नका. दारूचा अड्डा बंद केला की दुसऱ्या दिवशी बीट हवालदारावर पैसे मागितल्याचा अर्ज. त्याचीही सुटका स्वतंत्र चौकशीतूनच होते, कारण साहेबांनी क्लीन चिट दिली तर लोक म्हणतात एकमेकांना वाचवतात.

मुठाकाठ

काका, मनापासून आभार. हे आतून कुणी सांगत नाही. आमच्या प्रकरणातही रात्री चौकीत असलेला एक हवालदार भावाला पाणी देऊन हळूच म्हणाला होता, सकाळी जाशील, घाबरू नको. अर्जात त्याचं नाव घालायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

गोदेची लेक

मी नांदेडकडची. इथे बहुतेक जण मारहाणीबद्दल, पैशांबद्दल लिहितायत पण बायकांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळी असते, ती म्हणजे एफआयआरच न घेणं. माझ्या बहिणीला नवऱ्याने आणि दिराने मारलं, हाताला फ्रॅक्चर, सरकारी दवाखान्याचा कागद हातात, तरी ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद, ज्यात पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) लिहून दिली आणि वर समजूत, "ताई घर मोडू नका". फ्रॅक्चर म्हणजे गंभीर दुखापत असते हे त्यांना माहीत नसेल असं होऊच शकत नाही ना? दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे हे ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलेलं आहे, म्हणजे किती वर्षं झाली बघा, आणि अजून आम्ही दारात उभ्या.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांच्या आईबापांना एफआयआरसाठी तासन्तास थांबवून ठेवलं तेव्हा अख्खं गाव रेल्वे रुळावर उतरलं, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, मग पोलिसांवर कारवाई. प्रत्येकीसाठी गाव रुळावर उतरणार आहे का?

आम्ही शेवटी एसपींना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, त्याची पोच ठेवली आणि मग मॅजिस्ट्रेटकडे गेलो. तिथून आदेश झाल्यावर गुन्हा दाखल झाला. प्राधिकरणाचं नाव तेव्हा कुणी सांगितलंच नाही. ठाण्यात "नागरिकांची सनद" म्हणून बोर्ड असतो, त्यावर कुठेही नाही. माझी मागणी ही की प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत मोठ्या अक्षरात प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन लावा. दक्षता जनजागृतीचे बोर्ड लावता येतात, लाचलुचपतचा १०६४ नंबर लावता येतो, मग हा का नाही?

काळाकोट

गोदेची लेक, तुम्ही गेलात तो मार्ग बरोबर होता आणि नव्या कायद्यातही तसाच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १७३ खाली एफआयआर, ठाण्याने नाकारला तर १७३(४) खाली एसपींना लेखी, आणि तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, १७५(३) म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५६(३). झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. एक गोष्ट मात्र खटकते, तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. याचा वापर टाळाटाळीसाठी होईल अशी मला भीती वाटते.

आणि बाईवरचे काही ठराविक गुन्हे (विनयभंग, बलात्कार, ॲसिड हल्ला वगैरे) नोंदवायला नकार देणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो, भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी.

फुटेजवाला

मुठाकाठ, बाकी सगळं नंतर करा, आधी फुटेज मागा!! मी सीसीटीव्हीच्या धंद्यातच आहे. डीव्हीआरची (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची) हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसून त्यावर नवीन लिहिलं जातं, कुणाला डिलीट करावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरावा जातो.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, कॉरिडॉर, लॉबी, पीआयची केबिन सगळीकडे नाईट व्हिजन आणि आवाजासकट कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, ते शक्य नसेल तर जितकं जास्त होईल तितकं पण वर्षाच्या आत नाही, एवढं ठेवायचं. त्यामुळे "एक महिन्याचंच असतं" म्हणून परत पाठवलं तर ते उत्तर लेखी घ्या. तारीख, वेळ, कोणता कॅमेरा हे लिहून "जतन करून ठेवावे" असा वेगळा अर्ज ठाण्याला, डीसीपींना आणि प्राधिकरणाला तिघांना द्या.

पण एक अडचण, तुमचा भाऊ चौकीत होता, मुख्य ठाण्यात नाही. निकालाचा भर ठाण्यांवर आहे, चौकीला कॅमेरा असेलच असं नाही. त्यामुळे चौकीसमोरचा मेडिकलवाला, बँकेचं एटीएम, सोसायटीचं गेट, जिथे जिथे कॅमेरा दिसतोय तिथे आजच जा. संध्याकाळी आत गेला आणि सकाळी बाहेर आला एवढं दिसलं तरी पुरे, मधे तो कुठे होता याचं उत्तर त्यांना द्यायचंय.

मुठाकाठ

मेडिकलवाला ओळखीचा आहे, त्याने त्याच आठवड्यात पेनड्राईव्हवर काढून दिलंय, आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही दिसतंय. बाहेर मामा उभा आहे तेही. पेनड्राईव्ह कसा जपायचा?

फुटेजवाला

मूळ पेनड्राईव्हला हात लावू नका, कॉपी करून कॉपीच वापरा. मेडिकलवाल्याकडून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (जुनं ६५-बी) घ्या, नमुना काळाकोट देतील.

लीड्समधून

बाहेरचा अनुभव सांगते, तुलनेसाठी. इंग्लंडमध्येही तक्रार आधी त्या त्या पोलीस दलाच्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स विभागाकडेच जाते, बाहेरच्या संस्थेकडे थेट जात नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या. पहिली, उत्तर म्हणून जे पत्र येतं त्यातच लिहिलेलं असतं की समाधान झालं नसेल तर २८ दिवसांत कुणाकडे फेरतपासणी मागायची. गंभीर असेल तर आयओपीसी म्हणजे पोलिसांच्या वर्तनावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था, नाहीतर स्थानिक पोलीस कमिशनर, जो इथे लोकांनी निवडून दिलेला असतो. तक्रार नीट हाताळली गेली का एवढंच ते तपासतात, पण ते तपासलं जातं. दुसरी, पोलिसांच्या संपर्कात असताना कुणी मेला किंवा गंभीर जखमी झाला तर ते प्रकरण त्या संस्थेला कळवावंच लागतं. त्यांचे स्वतःचे तपासनीस आहेत आणि शिस्तभंगाची सुनावणी घ्या असा आदेश ते दलाला देऊ शकतात.

सगळं आलबेल आहे असं नाही. आयओपीसी २०१८ ला आली, त्याआधी २००४ पासून दुसऱ्या नावाची संस्था होती, त्याआधी तिसरी. दरवेळी लोकांचा विश्वास उडाला म्हणून बदलावी लागली. वेळ फार लागतो आणि तपासनिसांत माजी पोलीस आहेत म्हणून कृष्णवर्णीय समाजात अजून राग आहे. उत्तर आयर्लंडचं मॉडेल मला जास्त आवडतं, तिथे २००० सालापासून पोलीस ओम्बड्समन आहे आणि तिथे जनतेची तक्रार थेट तिकडेच जाते, पोलिसांकडे नाही.

वैदर्भीय वाघ

हे २८ दिवसवालं चांगलं आहे. आपल्याकडं "अर्ज निकाली काढण्यात येत आहे" एवढी एक ओळ येते, पुढं कुठं जायचं ते लिहीतच नाही. त्या एका पत्रात खाली दोन ओळी वाढवाले सरकारले पैसे लागत नाही, कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

निवृत्त अंमलदार

वाघसाहेब, हे महासंचालक कार्यालयाकडून एका दिवसात होऊ शकतं. छापील नमुना बदलला की खालपर्यंत सगळे तोच वापरतात. हा मुद्दा धरून ठेवा.

काळाकोट

सहमत. आणि वाघ, तुमच्या काकांच्या अर्जावर माहिती अधिकार टाका. गृह विभागाला विचारा की प्राधिकरणाचा अहवाल कोणत्या तारखेला मिळाला, मान्य केला की नाकारला, नाकारला असेल तर लेखी कारणांची प्रत द्या. कायद्याने कारणं लिहायचीच आहेत, त्यामुळे "उपलब्ध नाही" हे उत्तर आलं तर तेच तुमच्या रिटचं पहिलं पान.

अजून एक सगळ्यांसाठी, मुदत. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मुळे पोलिसांविरुद्ध दावा-खटल्यासाठी सहा महिन्यांची अडचण उभी केली जाते, सरकारची मंजुरी असेल तर खटल्याला दोन वर्षं. चौकशीच्या पत्रांची वाट बघत बसलात तर हे सहा महिने तिथेच संपतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे बऱ्याच जणांचे तसेच संपतात.

मुठाकाठ

मसुदा केलाय, जरा बघा.

"दि. ___ रोजी सायंकाळी ___ वाजता अर्जदाराच्या भावास ___ पोलीस चौकीत दूरध्वनीद्वारे बोलावून कोणतीही लेखी नोटीस न देता, अटक न दाखवता, नातेवाईकांना भेटू न देता दुसऱ्या दिवशी सकाळी ___ वाजेपर्यंत बसवून ठेवण्यात आले, पैशांची मागणी करण्यात आली व मारहाण करण्यात आली. आयुक्तालयाकडील अर्ज ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याचकडे चौकशीस पाठवण्यात आला. तरी दोषींवर योग्य ती कडक कारवाई व्हावी ही नम्र विनंती."

काळाकोट

छान आहे, शेवटचं वाक्य काढा. "योग्य ती कारवाई" लिहिलं की योग्य काय ते तेच ठरवतात. त्याऐवजी लिहा की चौकी आणि ठाण्याची त्या दोन्ही तारखांची स्टेशन डायरी, ड्युटी रजिस्टर, ठाण्याचं सीसीटीव्ही आणि ज्या नंबरवरून फोन आला त्याचे कॉल डिटेल्स मागवून घ्यावेत, आणि आयुक्तालयाकडील अर्जाची चौकशी त्या परिमंडळाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मामांचं आणि मेडिकलवाल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. आवक शिक्क्याची प्रत आणि "वर्ग करण्यात आला आहे" हे पत्र दोन्ही जोडायला विसरू नका, तुमचा अर्धा मुद्दा त्या पत्रातच आहे.

मुठाकाठ

बदललं. प्रतिज्ञापत्रं उद्या नोटरीकडे होतायत, सोमवारी स्पीड पोस्टने प्राधिकरणाला आणि एक प्रत गृह विभागाच्या अपर मुख्य सचिवांना. छापील पत्रात पुढच्या दादेचा पत्ता हवा या मागणीचं निवेदन वेगळं लिहितोय, ज्यांना सही करायची असेल त्यांनी इथे नाव आणि जिल्हा लिहा.

गोदेची लेक

माझं आणि बहिणीचं, दोघींचं नाव घ्या. नांदेड.

वैदर्भीय वाघ

नागपूर. काकाचंही लिहा.